डावी चप्पल

आधी चप्पल गेली, डावी.
बाबा तेलघाणीवरून घरी आले
एका पायात चप्पल, एका पायात बाभळीचा काटा,
आणि ओसरीवर उमटलेल्या ठिपक्यांकडे बघत म्हणाले,
"हे रक्त कोनाचं व्हय?"

आम्ही हसलो.

मग जीभ. ठेचा तोंडात धरवेना.
आरशापुढे बाहेर काढून पाहिली,
लाल, तुळतुळीत,
टाके झिजलेल्या पाट्यासारखी.

मशीनला आमच्याआधी कळलं असावं.
चाक उलटं फिरायचं, दोरा तटकन तुटायचा,
शाळेच्या पोरांच्या चड्ड्या अर्ध्या राहिल्या.
शेषराव थोटे, अडतीस वर्षांचा हात,
दर टिपेला खाली वाकून बघायचे
पाय पायडलवर आहे ना.
नजर काढली की पाय हरवायचा.

पारावर निदान झालं: वारं गेलं,
बाहेरचं आहे, अमक्या महाराजाकडे न्या.
बाबा पंचकृष्णांशिवाय कोणापुढे वाकत नाहीत.
महिना त्यातच गेला, मग आणखी दोन.

दारव्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण माझ्याहून लहान.
म्हणाली, पाय जुळवा, डोळे मिटा.
बाबांनी मिटले
आणि कापडाचं ठाण कलंडावं
तसे आले माझ्या अंगावर.

"दूध घेता का काका?"
बाबा माझ्याकडे बघतात.
गोठ्यात दोन म्हशी. पहाटे पाचला
कॅन डेअरीच्या गाडीत चढतो
आणि आम्ही चुलीपुढे,
काळा चहा, भाकर, तुरीचं वरण.
माझ्या जन्मापासून असंच.
कोणी ठरवलंही नव्हतं.

बी-बारा, तिनं लिहिलं.
कुपीतलं औषध लाल, कुंकवाच्या पाण्यासारखं.
बाबांनी दंड मागे घेतला.
"मटनापासून त नाही बनत ना बाई?
माहा उपदेश आहे."
ती हसली नाही.
"नाही काका. किटाणू बनवतात,
कारखान्याच्या टाकीत."
किटाणूंना जीव असतो का, यावर बाबा
बराच वेळ गप्प. रांग खोळंबली.
मग बाही वर केली,
स्वतःच शिवलेली, एका बाजूला ओढलेली.

आता रोज एक पेला कॅनमध्ये जात नाही.
आई तो मोजते, बोलत काही नाही.

सातव्या महिन्यात रात्री ओरडले.
दिवा लावला तर मुंगळा,
डाव्या अंगठ्याला घट्ट.
"चावला! पाय, चावला मले!"
मारू दिला नाही. चिमटीत धरून
अंगणापर्यंत स्वतः नेला,
अंधारात, भिंत न धरता.

दोन्ही करंगळ्या अजून मुक्या आहेत.
डॉक्टरीण म्हणते, त्या कदाचित तशाच राहतील,
उशीर झाला होता.
बाबांनी नव्या चपलेच्या टाचेला
परकराचं इलॅस्टिक लावलंय.
दुहेरी टीप.