भुरका

सांगलीच्या यार्डामागं, बोळात,
मगदूमांच्या भुपालनं टाकलंय हे.
चार बाकडी, एक पंखा,
पाटीवर ‘रामेन’.
हमाल म्हणतात, रामण्णाचं हॉटेल.

सहा वर्षं ओसाकात होता तो,
गाड्यांचे ब्रेक जोडत.

वाडग्यात अर्धं उकडलेलं अंडं,
कांद्याची पात,
शेवया म्हणाव्यात तर संपता संपत नाहीत,
आणि रस्सा, ज्यात त्यानं गुपचूप
कांदा-लसूण चटणी सोडलेली.

हळकुंडं निवडून माझी नखं पिवळी.
मी जपून खाते, तोंड मिटून.
“आवाज येऊ द्या की, ताई.
तिकडं गप्प खाल्लं
तर करणाऱ्याला वाटतं, आवडलं नाही.”

आवाज.
अप्पा आमटीची वाटी तोंडाला लावायचे.
मला बघायला मंडळी आली त्या दिवशी
मी म्हणाले, “अप्पा, हळू.”
त्यांनी वाटी खाली ठेवली.
मग चमचा.
सोळा वर्षं, घरातसुद्धा, चमचा.

मी वाडगं दोन्ही हातांनी उचलते
आणि असा भुरका मारते
की दारातला रिक्षावाला वाकून बघतो.

“वाढू अजून?” भुपाल पळी घेऊन उभा.
रश्श्याचे पैसे लावायला
तो अजून शिकलेला नाही.