येण्याचे कारण

गेटवरच्या वहीत पाच रकाने.
नाव, गाव, कोणाला भेटायचे, येण्याचे कारण, वेळ.
पहिल्या दिवशी चौथ्या रकान्यात मी लिहिलं: संशोधन.
शिपाई म्हणाला, कशाचं?
म्हटलं, तुमचं.
तो हसला नाही. पेन मात्र हातातून काढून घेतलं,
दोऱ्याने बांधलेलं होतं तरी.

विद्यापीठाचं पत्र आवकमध्ये गेलं.
आवक क्रमांक चार हजार एकशे सात.
मंगळवारी या, साहेब बंदोबस्ताला.
गुरुवारी या, साहेब आहेत पण आज नको.
गणपती होऊ द्या, मग बघू.
साधू वासवानी चौकातल्या सिग्नलचे आकडे
मला पाठ झाले, चारही बाजूंचे.

बाकावर माझ्याआधी येऊन बसलेले असायचे
येमेनचे, सुदानचे, काबूलचा एकटा एक,
कोंढव्याहून तिघांत एक रिक्षा करून.
बटणाच्या प्लास्टिक फायली मांडीवर,
झोपलेलं मूल धरावं तशा.
माझीही तशीच.
एकमेकांना विचारायचो, तुमचा कितवा?
फेरा, असं म्हणायची गरज नव्हती.

दार उघडलं ते पत्रामुळे नव्हे.
सहायक फौजदार काळोखे यांच्या मुलीचा निबंध होता,
'मला पंख असते तर', वीस ओळी.
बाकावरच लिहून दिला.
एका ओळीत पासपोर्ट आला होता. तो खोडला.

दुसऱ्या दिवशी आत खुर्ची.
एक पाय आखूड, त्याखाली घडी घालून
कुणाचा तरी जुना सी-फॉर्म.
हॉटेलचं नाव वाचता येत होतं.
माणसाचं, पायाखाली.

मग चहा अर्धा, मग पूर्ण.
मॅडम, मग ताई, मग नुसतंच
ए, ती सुदानची फाईल दे.
रात्री कोथरूडला घरी जाऊन टिपणवहीत लिहिलं,
प्रवेश मिळाला. खाली दोन रेघा.
लिहिलं की 'प्रलंबित' हा शब्द काळोखे पेन्सिलीने लिहितात,
की होकार ते मान वर न करता देतात,
आणि नकार उभं राहून सांगतात.
बसून सांगवत नाही, म्हणाले एकदा.
मग गुडघ्यांचं कारण दिलं.

नोव्हेंबरात अम्मार आला, तईझचा,
एम.एस्सी. दुसरं वर्ष, बाकावरचा माझा जुना शेजारी.
सवयीने विचारलं त्याने, तुमचा कितवा?
काळोखे जागेवर नव्हते.
खिडकीच्या या बाजूला मी होते.
मला माहीत होतं कागद कुठे अडकलाय,
कुठल्या ट्रेमध्ये, कुणाच्या पेन्सिलीखाली.
सांगितलं असतं तर खुर्ची गेली असती.
मी म्हणाले, मंगळवारी या.

त्याने आभार मानले.
फायलीचं बटण लावलं, टक्.
त्या रात्री टिपणवही उघडली नाही.
बाहेर पडताना मी गेटवरच्या वहीकडे वळले तर
शिपाई म्हणाला, तुम्हाला कशाला सही?
तुम्ही आपल्यातल्या.

मंगळवारी मी गेले नाही.
विभागात सेमिनार होता. मीच बोलणार होते,
विश्वास कसा कमवावा यावर.

पत्राचं उत्तर जानेवारीत आलं, जावक क्रमांकासह.
परवानगी नाकारण्यात येत आहे.
काळोख्यांनी ते उभं राहून सांगितलं.
मी बसूनच ऐकलं. खुर्ची जराही डुगडुगली नाही.

गेटवर आता सही करावी लागणार होती.
मी वहीची पानं मागे उलटत गेले
नोव्हेंबरपर्यंत, त्या मंगळवारपर्यंत.
आला होता तो. दहा वाजून पाच मिनिटांनी.
रोमन लिपीत, नीट, शाळेतल्यासारखं.
तिसऱ्या रकान्यात माझं नाव, एक अक्षर चुकलेलं.
चौथ्यात: बोलावलं होतं.