पुन्हा कधी विचारू?

ईसाफ्योर्दुरला नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड जातो
तो जानेवारीच्या शेवटी परत दिसतो.
मधल्या अंधारात ग्राझिनानं शब्द पाठ करायला घेतले.

आधी कार्डं पुठ्ठ्याची होती.
मासळीच्या खोक्यांचे पत्त्यांएवढे तुकडे,
एका अंगाला पोलिश, दुसऱ्या अंगाला आइसलँडिक.
एप्रनच्या खिशात भिजून शाई फुटली
आणि 'सुरी' नि 'बर्फ' यांचं एकच निळं डबकं झालं.

"फोनवर कर की," ग्दिनियाहून भाचा ओलेक म्हणाला,
"ढीगभर साधनं आहेत. फुकट."
ढीगभर होती.
फुकट, तसं म्हटलं तर.

पहिल्यानं सातव्या दिवशी बँकेच्या कार्डाचा नंबर मागितला.
दुसरं रोज एक ज्योत पेटवायचं,
डबल शिफ्टच्या रात्री ती विझली
की असं तोंड पाडायचं
जणू हिनं कुणाचं पोर उपाशी ठेवलंय.
तिसऱ्यात चार हजार कार्डं आयती:
माकड केळं खातं. राजकन्या झोपली आहे.
सहा वर्षांत या गावात
माकडाशी बोलायची वेळ तिच्यावर आली नव्हती.
तिला हवं होतं, खांदा दुखतोय.
हवं होतं, हे तास पगारात दिसत नाहीत.
आणि, पट्टा थांबवा, बोट!

चौथं दिसायला तलाठ्याच्या दप्तरासारखं, करडं, रुक्ष.
पण त्यात आवाज भरता येत होता.

थोरगेर्दुर, वय सहासष्ट,
पंचवीस वर्षं काटे काढण्यात गेलेली,
कॉफीच्या सुट्टीत हातमोजे उतरवून
शंख धरावा तसा फोन धरून बोलली.
खांदा. तास. बोट.
प्रत्येक शब्दामागे पट्ट्याची घरघर आली,
मागे कुणी हसलं तेही आलं.
"पुन्हा बोलू का?"
"नको. असंच पाहिजे."
हे शब्द तिला घरघरीतच ऐकू येणार होते.

ओलेकनं विचारलं, शेवटी कुठलं घेतलंस, आणि का?
ती म्हणाली, त्यात थोरगेर्दुर आहे.

त्याचा नियम साधा.
आलं तर चार दिवसांनी विचारणार,
मग अकरा, मग महिन्यानं.
जे येतं ते दूर धाडणार,
जे येत नाही ते मांडीवर घेऊन बसणार.

मांडीवर बसली एकच जोडी.
हेइम म्हणजे घरी.
हेइमा म्हणजे घरी.
एक निघालेल्या माणसाचं, एक पोचलेल्याचं.
(आपल्याकडे हा तिढाच नाही,
घरी जाते, घरी आहे,
एका 'घरी'त दोन्ही भागतं.)
पण तिच्या पोलिशमध्येही ही दोन वेगळी आहेत,
म्हणजे चूक भाषेची नव्हती.

असे दोन हिवाळे.

सूर्य परतला त्या दिवशी, गावच्या रिवाजानं,
कारखान्यात धिरड्यांसारखे पातळ पॅनकेक झाले,
आत जॅम, वर साय.
थोरगेर्दुरचा तो शेवटचा आठवडा,
पुढे लेकीकडे, अकुरेरीला.
तिनं दोन पॅनकेक नॅपकिनात गुंडाळून नेले
आणि कुणाला फारसं काही म्हटलं नाही.

रात्री फोननं विचारलं: घरी, पोचलेलं.
हेइमा.
थांबावं लागलं नाही. मागे घरघर, मागे ते हसू.
ग्राझिनानं 'सोपं' दाबलं.
पुढची भेट: दोन वर्षं चार महिन्यांनी.

करार मार्चपर्यंतचा.
खोलीचं भाडं महिन्याचं महिन्याला.
ती त्या आकड्याकडे बघत राहिली.
बँकेनं, साहेबानं, घरमालकानं
इतकी लांबची तारीख तिला कधी दिली नव्हती,
तीही काही न विचारता.

मग पुढचं कार्ड आलं.
सुरी.
रोज आठ तास हातात असते ती.
आठवेना.
बरं, फोन म्हणाला, एका मिनिटानं.