दोन भोकं

दारूखान्यात, नांगराच्या साखळीखाली,
कुणी हिरव्या ऑइलपेंटनं थापलेली.
दूधवाल्याची असेल, मी म्हणालो.

परकारचाचांनी ती दोन बोटांवर उचलली
आणि बोलायचे थांबले.

पुढच्या नळीवर बिल्ला नाही. नुसती भोकं,
एकाखाली एक.
सांध्यांवरून अंगठा फिरवला:
कॉलर नाही, शिवण नाही,
मनगट तळहातात उतरावं
तशी नळीत नळी.
नखानं रंग खरवडला. आत पितळ.

"शिकागो," ते म्हणाले,
शेजारच्या चाळीतलं कुणी ओळखीचं निघावं तसे.
"हातानं कानसलेली. तिथंसुद्धा थोड्याच असतील."

भंगारवाल्यानं काटा लावला.
बारा किलोही भरेना.
"एवढी हलकी! काय सुटणार हिच्यात?"

चाचा पैसे मोजत राहिले,
मान वर न करता,
तीच नोट दोनदा.