आठ आणि एकवीस

जानेवारीत तार्तूला सकाळी आठ वाजताही
खिडकीत रात्रच उभी असते.
कीबोर्डपाशी राईच्या पावाचा तुकडा,
आणि पडद्यावर तांबड्या ओळी. एकेचाळीस.
मी फक्त एक आकडा बदलला होता.
आठ होता, एकवीस केला.

आमचा प्रोग्राम पाण्याची पातळी मोजतो,
बर्फ कधी सुटेल ते काठावरच्या गावांना आधी कळवतो.
बारा वर्षं एकाच बोलीत बोलत आला बिचारा.
भाषा मात्र थांबली नाही.
नऊ ओळींचं गाऱ्हाणं ती आता दोन ओळींत मांडते,
आणि ऊर्मस, काड्री ही नवी पोरं
आमचं जुनं वाचताना
जांभईसुद्धा लपवत नाहीत.

दुपारपर्यंत चौतीस विझवल्या.
एक प्लगइन कधीच वारलेलं, त्याला काढून टाकलं.
एक लायब्ररी सरळ माजघरात शिरून
हवं ते उचलायची;
नव्या आवृत्तीने तिथे कडी घातलीय,
तिला आता दार वाजवायला शिकवलं.

उरल्या सात.
सातही एकाच कोपऱ्यातल्या,
जिथे हेल्डुरने लिहून ठेवलंय:
ही ओळ हलवू नका. – हे.
कारण नाही, तारीख नाही.
माणूस निवृत्त होतो, ताकीद होत नाही.

फोन केला. मागे कुत्रं भुंकत होतं,
तो पेयप्सीच्या काठी मासे धुरावत होता.
"मुस्तवेच्या पुढे एक खोपट आहे, मारिका.
आत एक पेटी. तिला आठच्या पुढचं कळत नाही.
दोनदा बदलायला निघालो.
एकदा बर्फ दगा देणार होता, एकदा पैसे संपले.
पण पहाटे चारला तळ्याची उंची सांगते,
एक दिवस चुकली नाही."
मग जरा थांबून,
"तिला कसली शिकवता. तुम्ही शहाणे ना?"

संध्याकाळी बिल्डच्या फाइलीत एक वेगळी खोली काढली.
सगळं घर एकवीसचं.
त्या एका खोलीत नवा कंपायलर
आवाज खाली आणून
आठला कळेल तेवढंच बोलतो.
तांबडं गेलं. हिरवं आलं.
ऊर्मस म्हणाला, एका पेटीसाठी एवढं?
मी पाव संपवला.

हेल्डुरची ओळ तशीच ठेवली.
तिच्याखाली कारण लिहिलं, तारीख लिहिली,
खोपटाकडे जायची वाटही लिहिली.
– मा.

पहाटे चारला आकडा आला:
तीस मीटर, अकरा सेंटिमीटर.
काल दहा होते.