काळी वायर

तपकीर गल्लीतल्या भरतेशनं सगळं पुडीत बांधून दिलं:
पत्त्याच्या पानाएवढा निळा बोर्ड,
त्याच्यावर टोपीसारखी बसणारी दुसरी पाटी,
दोन सेन्सर, एक पडदा, पंख्यासाठी मॉसफेट
आणि रंगीत वायरींची वेणी.
"नातवाच्या प्रोजेक्टला का, काकू?"
"माझ्याच. अळिंबीला."
त्यानं दहा रुपये कमी केले. का, ते सांगितलं नाही.

धनकवडीत, आमच्या मागच्या न्हाणीत
टांगलेल्या पिशव्यांतून धिंगरी उगवते.
एकतीस वर्षं बँकेत लोकांच्या बेरजा जुळवल्या,
आता बोटभर छत्र्यांसाठी
दमटपणाचा टक्का टक्का लिहून ठेवते.

टोपी पहिल्यांदा बसवली ती एक घर चुकवून.
सगळे पाय शेजाऱ्याच्या बिळात.
बोर्ड जळला नाही, नुसता तापला.
घाम मला आला.

मग सेन्सर. एक वरच्या फळीला, एक खालच्या.
हाक मारली की दोघंही ओ देत
एकाच वेळी, तोंडात तोंड घालून,
आणि पडद्यावर शून्य.
शोधलं, तर दोघांचाही पत्ता चव्वेचाळीस.
आमच्या सोसायटीत "काकू" म्हटलं
की तीन खिडक्या उघडतात, तसलं.
भिंगाखाली एकाच्या कडेला बारीकसा पाय दिसला.
तो वरच्या व्होल्टेजला बांधायचा,
की झाला पंचेचाळीस.
ना दलाल, ना डिपॉझिट.
पुण्यात इतक्या स्वस्तात
पत्ता कुणाचा बदलला असेल!

पंखा मात्र ऐकेना.
त्याचा बारा व्होल्टचा अडॅप्टर वेगळा,
बोर्ड माझ्या मोबाइलच्या चार्जरवर.
फिर म्हटलं की ढिम्म,
थांब म्हटलं की गरगर.
तीन रात्री प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली,
वायरी बदलल्या,
भरतेशला नको तेवढे फोन केले.

बाहेरच्या खोलीत दादा शब्दकोडं सोडवत असायचा.
महावितरणातून निवृत्त, खांबावर चढून गुडघे गेलेले.
भोरच्या अडीच एकरांवरून
दोन वर्षं आमच्यात शब्द नव्हता.
जेवताना मीठ हवं असलं
तर तो उठून घेई,
आणि मी बघत नसे.

चौथ्या रात्री तो न्हाणीच्या दारात उभा,
चष्मा कपाळावर.
भिंतीला सांगावं तसं म्हणाला,
"पुरवठे दोन आहेत.
याचं शून्य वेगळं, त्याचं वेगळं.
हा पाच म्हणतोय ते कुठून मोजायचे,
त्या बिचाऱ्याला कळणार कसं?
काळी वायर एक कर."

वेणीतून काळी सोडवली. वीतभर होती.
तो बॅटरी धरून राहिला.
स्क्रू आवळेपर्यंत उजेड हलत होता,
कुणाच्या हातानं, ते मी विचारलं नाही.

पंखा फिरला. थांब म्हटलं, थांबला.

दुसऱ्या दिवशी पानावर बसल्यावर तो म्हणाला, "मीठ."
मी वाटी सरकवली.
भोरचं काही निघालं नाही,
त्याच्याकडून नाही, माझ्याकडूनही नाही.

न्हाणीतल्या पडद्यावर आज
चव्वेचाळीस म्हणतो एक्क्याऐंशी टक्के,
पंचेचाळीस म्हणतो अठ्ठ्याऐंशी.
एवढीशी न्हाणी, हवा तीच,
आणि सात टक्क्यांचा फरक.

बँकेत असते तर रात्री दहापर्यंत बसून शोधला असता.