मुराळी

रोज रात्री आठला, बेंबीपासून चार बोटं सोडून, सुई.
एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे.
सिस्टर शीबा म्हणते, हाडं ठणकली तर घाबरू नकोस,
ठणका म्हणजे काम चालू आहे.

तिसऱ्या रात्री माकडहाड,
मग छातीचं हाड, मग मांड्या, मग असं काहीतरी
जिथं हाड आहे हेच मला ठाऊक नव्हतं.
आत कुणीतरी एकेक दार ठोठावत फिरतंय.

खाली अबूधाबीचा ऑगस्ट.
टॅक्सीपासून दारापर्यंत वीस पावलं,
तेवढ्यात डावा डोळा धूसर होतो,
वाफ धरलेल्या चष्म्यासारखा. पण पुसणार काय?

डॉक्टर हैथमनी पहिल्या दिवशी चित्र काढून दाखवलं होतं:
ही तार, हे तिचं आवरण, आणि हे राखणदार, आवरण कुरतडणारे.
मी म्हटलं, आमच्यात म्हणतात, कुंपणानंच शेत खाल्लं.
ते हसले. आमच्यात म्हणतात, हामीहा हरामीहा.
दुसरा शब्द मला भाषांतराशिवाय कळला.

आई फोनवर विचारते, नक्की करणार काय गं?
मूळपेशी, मी सांगते. हाडांच्या पोकळीत राहतात.
त्यांना रक्तात बोलवायचं, वेचायचं, गोठवून ठेवायचं.
मग राखणदार सगळे पुसून काढायचे
आणि ह्यांना परत घरी सोडायचं.
ती बराच वेळ गप्प.
म्हणजे मूळ धाडलंय म्हण की, असं म्हणते.
तुला आणायला चिंतूमामा आलेला, आठवतं?
सासूबाईंनी दोन दिवस बसवून ठेवला होता त्याला.

हमदान स्ट्रीटच्या एक्स्चेंजमध्ये
अकरा वर्षं मी काचेमागे बसते.
पगाराच्या दिवशी रांग दारापर्यंत,
प्रत्येकाचा पहिला प्रश्न: आज रेट किती?
आता पहाटे रक्त नेलं की मीच विचारते.
चार.
दुसऱ्या दिवशी नऊ. वीस तरी हवेत.
थांब, चढेल, शीबा म्हणते,
अगदी मी त्या गवंड्यांना सांगायची तशी.
चढला नाही तर, हे मी त्यांनाही कधी सांगितलं नाही.

फॉर्मवर लिहायचं होतं,
दाता: मीच.
रुग्णाशी नातं:
ह्या देशात माझ्या प्रत्येक कागदाला दुसऱ्या कुणाची सही लागली.
पेन तिथंच अडलं.
रिकामं सोड, शीबा म्हणाली.

सातव्या दिवशी एकतीस.
मानेत नळी, शेजारी गरगरणारं यंत्र,
नोटा मोजणाऱ्या माझ्या यंत्राहून सावकाश.
ओठांना मुंग्या, जिभेखाली खडूच्या चवीची गोळी.
पाच तासांनी वर टांगलेल्या पिशवीत
आमसुलाच्या साराएवढं लाल, वाटीभर.
एवढ्याचसाठी?

पिशवीवर चिकटवलेलं नाव शीबानं वाचून दाखवलं.
अरबीत च नाही, प नाही.
शारुलता बेडणेकर.
असू दे. ओळखतील त्या.

आईचा मेसेज: निघाल्या का?
पोऱ्या गार वाफेची पेटी ढकलत लिफ्टकडे नेतो आहे.
मी ओठ हलवून पाहिले, बधिरच होते.
अगं, जाते म्हणू नये.
येते म्हणा.